कासवांवर वाघ

आमच्या कंचन ॲग्रोतल्या सगळ्या माणसांचे स्वभाव पुण्याच्या एका सरांनी चाळीस प्रश्नांत ओळखले, असं मी आळेफाट्यावर सांगितलं की लोक चहा फुंकायचे थांबतात आणि माझ्याकडे बघतात. लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही बायकोचा स्वभाव कळला नाही, असं शपथेवर सांगणारी माणसं आमच्याकडे आहेत. त्यांना चाळीस प्रश्न फारच कमी वाटतात. पण ओळखले खरे. दोनदा ओळखले, आणि दोन्ही वेळा वेगळे.

मी चिमाजी. जुन्नरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो आणि फतेचंदशेठच्या वजनकाट्यावर बसलो. भरलेली गाडी येते, मी वजन करतो; रिकामी होऊन निघते, परत वजन करतो. तत्त्वज्ञानाचा याहून बरा उपयोग मला अजून कुणी दाखवलेला नाही. शेठचे आजोबा मारवाडातून आले, पण शेठ आमच्यापेक्षाही आमच्यासारखं बोलतात. टोमॅटो आणि कांदा घ्यायचा, निवडायचा, भरायचा आणि सुरत-इंदूरला पाठवायचा, हा त्यांचा धंदा. कंचनबाई या त्यांच्या पत्नी, आणि कंपनी त्यांच्या नावानं.

धंदा शेठचा असला तरी चालायचा अश्विनीमुळे. नेमणुकीच्या कागदावर ती 'ऑफिस असिस्टंट' होती, म्हणजे बाकी कुणीच करत नाही ते सगळं तिनं करायचं. माल निवडायला बोरी बुद्रुकहून टेम्पोनं बायका येत. त्यांतल्या गोजरबाई आणि लंकाबाई यांचं शेत शेजारी-शेजारी, त्यामुळे अर्थातच बोलणं बंद. अश्विनी त्यांना शेडच्या दोन टोकांना बसवायची आणि एकीचा निरोप दुसरीला असा पोचवायची की निघताना शिवी असलेला निरोप पोचेपर्यंत तब्येतीची चौकशी झालेला असायचा. हमालांचा मुकादम भिमाजी. त्याला 'गाडी लवकर भरा' म्हटलं की तो आधी बिडी पेटवायचा. अश्विनी म्हणायची, "मामा, आज ही गाडी काही सहाच्या आत भरत नाही, राहू द्या." पाचला गाडी भरलेली असायची, आणि भिमाजी सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणायचा, "कोन म्हनतं भरत न्हाई?" त्याच्या टोळीतला घाटघरचा सावळेराम तर महिन्यात दोनेक वाक्यं बोलायचा. त्याला बरं नाही हे अश्विनीला त्यानं टोपी कशी घातलीय यावरून कळायचं. मला ते त्याला दवाखान्यात नेल्यावर कळायचं.

शेठना हे दिसत होतं. दसऱ्याला काट्याची पूजा झाली तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "गुढीपाडव्याला मंचरला आपली दुसरी शेड उघडतीय. तिथलं समदं अश्विनी बघंल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अश्विनी आपट्याची पानं वाटत होती, ती वाटतच राहिली, पण तिनं मला दोनदा सोनं दिलं हे माझ्या लक्षात आलं.

मंचर म्हणजे तिला काय होतं ते सांगायला हवं. तिचं सासर घोडेगावच्या जवळ. नवरा ट्रकवर, आज नाशिक तर उद्या बंगळूर. सहा वर्षांची प्राची तिथे आजीपाशी, म्हणजे साळुबाईंपाशी, राहायची, आणि अश्विनी आळेफाट्याला स्टँडमागे एका खोलीत. आमची शेवटची गाडी भरून झाल्यावर घोडेगावकडे जायला काही मिळायचं नाही, त्यामुळे घर फक्त रविवारी. मंचरहून मात्र संध्याकाळी घोडेगावची एसटी केव्हाही मिळते. साळुबाई सुनेला नावानं हाक मारायच्या, म्हणून आईला 'अश्विनी' म्हणतात असं प्राचीला वाटायचं. "अश्विनी आली," असं ती दारातून ओरडायची. घरात सगळे हसायचे. अश्विनीनं हे मला हसतच सांगितलं होतं आणि सांगून झाल्यावर बराच वेळ काट्याच्या खिडकीतून बाहेर बघत बसली होती.

तर दिवाळीत शेठचा मुलगा जिनेश पुण्याहून एम.बी.ए. होऊन आला. दोन दिवस शेडमध्ये हिंडला आणि म्हणाला, "पप्पा, आपल्याकडे माणसं आहेत, पण टीम नाही." शेठनी चष्मा पुसला. आमच्याकडे टोळी होती, मेळ होता, भांडणं होती आणि गाड्या वेळेवर सुटत होत्या. टीम मात्र नव्हती, हे कबूल करायला हवं. जिनेशबरोबर त्याची बायको रीना आली आणि रीनाबरोबर तिचा भाऊ पप्पू आला. पप्पूकडे रंगीत पडद्याचा मोबाईल होता, आणि तेवढीच माहिती त्याच्याविषयी पुरेशी आहे.

टीम आणायला पुण्याचे सर आले. टाय, लॅपटॉप, आणि पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र. यंत्र लावलं आणि वीज गेली, कारण त्या सुमारास आमच्याकडे वीज रोज ठरल्या वेळी जायची आणि हे सरांना कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी हातवारे करून सांगितलं की जगात चार प्रकारची माणसं असतात. वाघ म्हणजे नेता: धडाडीचा, पटकन निर्णय घेणारा. मोर म्हणजे बोलका, मिरवणारा. गाय म्हणजे सगळ्यांना सांभाळून घेणारी. आणि कासव म्हणजे शांत, सावध, गर्दी नको, एकट्यानं काम बरं.

"तुमच्या प्रत्येकाच्या आत एक वाघ झोपलेला आहे," सर म्हणाले. "त्याला जागं करायचं आहे!"

"नगं बाबा, ऱ्हाऊ द्या झोपलेला," गोजरबाई म्हणाली. "मागल्या म्हैन्यात उसातून येऊन आमची गाभण शेळी नेली त्यानं."

त्या वर्षी बिबट्यानं जुन्नर तालुक्यात सगळ्यांची झोप उडवली होती, आणि बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. त्यामुळे पुण्यात ज्या प्राण्यासाठी लोक धडपडतात तो आमच्यापैकी एकालाही व्हायचा नव्हता. सरांनी वहीत काहीतरी टिपलं.

मग परीक्षा. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला अ, ब, क, ड अशी चार उत्तरं. सर म्हणाले, "यात बरोबर-चूक काही नसतं, मनाला वाटेल ते लिहा." आता छापील कागदावर प्रश्न आहेत, वर नाव लिहायचं आहे, पुढे टायवाला माणूस उभा आहे, आणि तरी बरोबर-चूक नसतं यावर आम्ही विश्वास ठेवावा, असं त्यांना का वाटलं कोण जाणे. परीक्षा म्हटली की हुशार माणसाच्या मागची जागा धरायची, ही आमची लहानपणापासूनची शिस्त. आणि आमच्यात हुशार कोण, हे सांगायला सरांची गरज नव्हती. बघता बघता अश्विनीच्या मागं, पुढं आणि दोन्ही अंगांना माणसं बसली. सर बाहेर जाऊन फोनवर बोलत होते.

"अश्विने," गोजरबाई कुजबुजली, "सातव्याला मला काय वाटतं गं?"

"मावशी, तुम्हाला काय वाटतं ते तुम्हीच लिहायचं."

"आता मला काय कळतंय? तू सांग की."

प्रश्न होता: तुम्हाला काम कसं करायला आवडतं? अश्विनीनं 'ड, एकट्याने' असं लिहिलं होतं. दिवसभरात ती एकटी अशी फक्त संडासात असायची आणि तिथेही बाहेरून कुणीतरी हाक मारायचं, तेव्हा दुसरं काय लिहिणार? ते गोजरबाईनं लिहिलं, तिचं बघून भिमाजीनं लिहिलं, दुसऱ्या बाजूनं लंकाबाईनं लिहिलं. मीही लिहिलं. तत्त्वज्ञानात मला कधी पस्तीसच्या वर पडले नव्हते, मी कशाला धोका पत्करू?

पप्पू आला तेव्हा पाच वाजले होते आणि सगळे उठून गेले होते. बघायला कुणीच नाही. त्यानं एका हातात मोबाईल धरून, बोलणं न थांबवता, चाळीसही प्रश्नांना पहिल्या चौकटीत टिक केली आणि कागद दिला. अ म्हणजे वाघ, ब म्हणजे मोर, क म्हणजे गाय, ड म्हणजे कासव, असा सरळ क्रम सरांनी ठेवला होता. शास्त्र फार अवघड करू नये असं त्यांचं मत असावं.

आठवड्यानं निकाल घेऊन सर आले तेव्हा त्यांचा चेहरा नवीन बेट सापडल्यासारखा झाला होता. "माझ्या कारकिर्दीत अशी संस्था मी पाहिली नाही," ते म्हणाले. "तुम्ही सगळे कासव आहात. एक जण सोडून सगळे. उत्तरंसुद्धा जवळजवळ सारखी!"

"कासाव कुनाला म्हनता वं?" भिमाजी असा गरजला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"पाहा," सर शांतपणे जिनेशला म्हणाले, "कासव दुखावलं की असं करतं."

सगळ्या कासवांत खरा कासव एक सावळेराम, पण त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. सरांनी पुढचा नियम फळ्यावर लिहिला, आणि हा नियम लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे: माणसं ज्या स्वभावाची, त्याच्या उलट स्वभावाचा माणूस त्यांच्यावर हवा. कासवांवर वाघ. आणि आमच्यातला एकमेव वाघ म्हणजे पप्पू. रीनाभाभींनी आनंदानं भावाकडे बघितलं. पप्पूला निकालाचं काही नव्हतं, तो मोबाईलवर साप खेळत होता.

"मंचरला पप्पूच योग्य," जिनेश म्हणाला. "अश्विनीताईंना उगीच माणसांचा त्रास कशाला? त्यांचा स्वभाव नाही तो."

शेठनी पप्पूच्या मोबाईलकडे बघितलं. मग म्हणाले, "पाडव्याला येळ हाय अजून." सरांच्या कार्यक्रमात शेवटी परत एक परीक्षा होती, 'आधी आणि नंतर' दाखवायला. ती झाली की मंचरचं कायम करू, असं ठरलं. कासवांना धक्का देऊ नये म्हणून सर हे सगळं हळू आवाजात बोलले, आमच्यासमोरच.

त्या दिवशी संध्याकाळी अश्विनी काट्यावर आली. "चिमाभाऊ, मी खरंच एकलकोंडी आहे का हो?" तिनं विचारलं. चेष्टेनं नाही, खरंच विचारलं. जिच्यावाचून आमचं पान हलत नाही तिला एका कागदामुळे स्वतःबद्दल शंका यावी, याचा मला इतका राग आला की समोरच्या गाडीचं वजन मी दोनदा चुकीचं केलं. "तू एकलकोंडी असशील तर भिमाजी मुका आहे," मी म्हणालो. ती हसली, पण शंका गेली नाही हे मला दिसलं.

मग सुधारणा सुरू झाल्या. कासवांना गोंगाट चालत नाही म्हणून गाडी आल्याची घंटा काढली. आता गाडी आली हे गाडीवाल्याला स्वतः आत येऊन सांगावं लागायचं. भिंतीवर पाटी लागली, 'हळू बोला, इथे शांत स्वभावाची माणसं काम करतात', आणि तिच्याखाली उभा राहून भिमाजी इंदूरच्या ड्रायव्हरशी बोलायचा. सकाळी सगळ्यांनी गोल करून 'मनातलं बोला' हा कार्यक्रम असायचा. आणि अश्विनी ही सगळ्यांत पक्की कासव, चाळीसपैकी अडतीस ड, म्हणून तिला बक्षीस मिळालं. कोपऱ्यात लाकडी केबिन, बंद दार, बाहेर पाटी: 'व्यत्यय आणू नये'. तिनं दार उघडं ठेवलं की जिनेश येऊन प्रेमानं लावून जायचा.

शेड पप्पू बघायला लागला, मंचरची तालीम म्हणून. पहिल्याच दिवशी तो भिमाजीला म्हणाला, "चलो चलो, जल्दी करो, गाडी लवकर भरा." भिमाजीनं बिडी पेटवली. दुसरी संपवून तिसरीही पेटवली. सुरतची गाडी दुसऱ्या दिवशी निघाली आणि टोमॅटो तिकडे पोचला तो रस होऊन.

पुढच्या आठवड्यात पप्पूनं गोजरबाई आणि लंकाबाईला एका टेबलावर बसवलं, टीम व्हावी म्हणून. त्या बसल्या. हूं का चूं केलं नाही. मग सकाळच्या गोलात सर म्हणाले, "गोजरबाई, आज तुम्ही मनातलं बोला. मोकळ्या व्हा." गोजरबाई मोकळी झाली. दुष्काळाच्या साली लंकाबाईच्या सासऱ्यानं बांध कसा कोरला इथपासून सुरू झाली आणि लंकाबाईच्या धाकट्या दिराच्या लग्नापर्यंत आली. तिथं लंकाबाईही मोकळी झाली. मग कच्चे टोमॅटो मोकळे झाले. त्यांतले दोन जाऊन सरांच्या टायवर बसले.

"हा अगदी निरोगी संवाद आहे," सर टाय पुसत म्हणाले, आणि समोर उभ्या माणसांना विचारलं, "कुणाला काही शंका?"

सावळेरामानं हात वर केला. आम्ही सगळे वळून बघायला लागलो.

"सर, समदेच वाघ निगाले तर वर कोन लागंल?"

"उत्तम प्रश्न!" सर खूश झाले. "मग वर कासव लागेल. वाघांना शांत माणूसच एकत्र ठेवू शकतो." सावळेराम मान हलवून गाडी भरायला गेला. त्या महिन्याचं त्याचं बोलणं संपलं होतं.

दुपारी नगर रस्त्यावरच्या टपरीवर भिमाजीनं विषय काढला. "सावळ्या काय म्हनला ते ध्यानात आलं का? दुसरी परीक्षा हाय. आपन समद्यांनी वाघ व्हायाचं. अश्विनी हाय तशी कासाव. मंग वाघांवर कासाव, हा नेम कुनाचा? तेंचाच. मंचर कुनाला? पोरीला."

"मला न्हाई व्हायाचं वाघ," गोजरबाई म्हणाली. "शेळी नेली माझी."

"मावशी, कागदावर व्हायाचं. पैल्या चौकटीत टिक, समद्याला. कुनाचं बघाया नगं."

लंकाबाई तिकडे पाठ करून बसली होती. ती पाठ तशीच ठेवून म्हणाली, "तिला म्हनावं, पोरीसाठी व्हायचं. मी व्हतीय." दोघींमध्ये इतक्या वर्षांनी भांडणाशिवाय झालेलं ते पहिलं बोलणं, तेही माझ्यामार्फत. गोजरबाईनं वाघ व्हायचं कबूल केलं.

अश्विनीला सांगायचं नाही असं ठरलं. तिला असली लबाडी चालली नसती, तिनं सगळ्यांना ओरडून आपापलं खरं लिहायला लावलं असतं. शिवाय सांगणार तरी कसं? ती केबिनमध्ये, दार बंद, बाहेर पाटी. एरवी आमच्यात काही शिजायला लागलं की तिला आधी वास यायचा. या वेळी आला नाही.

दुसरी परीक्षा सरांनी कडक घेतली. दोन-दोन हातांवर एकेक खुर्ची, अश्विनी केबिनमध्ये, आणि सर स्वतः फिरत होते. आम्ही पाच मिनिटांत कागद दिले. इतका पटकन निर्णय घेतलेला बघून सरांचे डोळे चमकले. निकाल तिथल्या तिथे लॅपटॉपवर करायचा होता, म्हणून शेठ, कंचनबाई, रीनाभाभी सगळे येऊन बसले होते. पेढे आणले होते. या वेळी वीज होती.

सरांनी घसा साफ केला. "मित्रांनो, मला शब्द सुचत नाहीत," ते म्हणाले आणि मग बराच वेळ सुचलेले बोलले. सार एवढंच की दोन-अडीच महिन्यांपूर्वी इथे सगळी कासवं होती आणि आज सरांच्या मेहनतीनं सगळे वाघ झाले आहेत. सावळेरामसुद्धा. जिनेश टाळ्या वाजवत उभा राहिला. "आणि माझ्या नियमाप्रमाणे," सर म्हणाले, "या वाघांना एकत्र ठेवायला आता हवा एक कासव. सुदैवानं आपल्यात असा एकच आहे."

आम्ही सगळ्यांनी अश्विनीकडे बघितलं. गोजरबाईनं टाळी वाजवायला हात उचलले होते.

"श्रीयुत पप्पू!"

टाळी वाजलीच नाही. पप्पूनं मोबाईल खिशात घातला आणि तोंड पाडलं. त्याला मंचर कधीच नको होतं. नाशिकला मोबाईलचं दुकान टाकायचं त्याच्या डोक्यात होतं, आणि वाघ झालं की मंचर मिळतं हे कळल्यामुळे त्यानं या वेळी चाळीसही प्रश्नांना शेवटच्या चौकटीत टिक केली होती. त्याच्या परीनं तो बिचारा सुटायला बघत होता.

"आन् अश्विनी?" भिमाजी ओरडला. "अश्विनी काय निगाली?"

"अश्विनी मॅडम? वाघ!" सर म्हणाले. "चाळीसपैकी चाळीस. सगळ्यांत मोठा बदल त्यांच्यात आहे."

"अगं बये!" गोजरबाईनं कपाळावर हात मारला. "आमी समदे तुझ्यासाठी वाघ झालो आन् तू कशाला झालीस?"

अश्विनी उभीच होती. "माझ्यासाठी?" तिनं विचारलं. आणि मग भिमाजीनं, गोजरबाईनं, लंकाबाईनं एकदमच, शेठ आणि सरांदेखत, सगळं सांगून टाकलं: पहिल्या परीक्षेत कुणाचं बघून लिहिलं, सावळ्यानं काय विचारलं, टपरीवर काय ठरलं. सरांचा पेढा हातातच राहिला. अश्विनी आधी हसायला लागली. पोट धरून हसली. आणि हसता हसता खुर्चीवर बसली आणि रडायला लागली, आणि ते हसण्यातलं रडणं नव्हतं.

"मला वाटलं खोटं लिहिल्याशिवाय मिळणार नाही," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं."

आमच्यातल्या प्रत्येकाला काय हवं आणि काय टोचतं, हे या बाईला न विचारता कळायचं. पण आपल्यासाठीही कुणी काही करत असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. मला त्या क्षणी तिची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. टोपीवरून पोटदुखी ओळखणाऱ्या बाईला आमच्यापैकी कुणी कधी काही विचारलं होतं का?

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि शेठकडे वळली. "शेठ," ती म्हणाली, "वाघ-कासव काय असेल ते असू दे. मला मंचर पाहिजे. माझी पोरगी मला नावानं हाक मारते."

फतेचंदशेठनी चष्मा काढला, परत घातला.

"पोरी, मी दसऱ्याला बोललो व्हतो," ते म्हणाले. "त्याच्यामागं तू गप बसलीस. जिनेश म्हनला, तिला मान्सं नगं असत्यात. मी म्हनलं, आसंल. तोंडानं का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?" हे कंचनबाई म्हणाल्या, अश्विनी नव्हे. "पुन्याहून मानूस आनून चाळीस प्रश्न विचारले. 'तुला जायचंय का गं?' हा एकच तेवढा ऱ्हायला."

शेठ हसले नाहीत. "पाडव्यापासून मंचर तुझं," ते म्हणाले, आणि जिनेशकडे बघून म्हणाले, "ती घंटा परत लाव." भिमाजीनं जी आरोळी ठोकली ती सगळ्या फाट्यावर ऐकू गेली असावी, कारण चौकातल्या पोलिसानं शिट्टी वाजवली. पप्पूनं अश्विनीचा हात हातात घेऊन "थँक्यू दीदी" म्हटलं. इतका मनापासून आनंद त्या दिवशी फक्त त्याला आणि तिलाच झाला होता.

सर मात्र सर होते. त्यांनी पेढा खाल्ला, लॅपटॉप मिटला आणि जिनेशला समजावून सांगितलं की सगळ्यांसमोर उभं राहून मागणी करणं हे खास वाघाचं लक्षण आहे, म्हणजे परीक्षेचा निकाल अगदी अचूक होता. पुढे त्यांच्या माहितीपत्रकात आमच्या शेडचा फोटो छापून आला. मागच्या रांगेत सावळेराम आहे, त्याच्या डोक्याशी बाण काढून 'वाघ' लिहिलंय. त्यानं ते पत्रक घाटघरला नेऊन भिंतीला चिकटवलं. काय म्हणायचंय ते तो अजून बोललेला नाही.

अश्विनी मंचरला गेली त्याला आता वर्ष होत आलं. आमच्याकडे गोजरबाई आणि लंकाबाई परत शेडच्या दोन टोकांना बसतात आणि निरोप माझ्यामार्फत जातात. मला निरोपातल्या शिव्या गाळायला जमत नाहीत म्हणून दोघी माझ्यावर नाराज आहेत. परवा संध्याकाळी इंदूरच्या गाडीचं काही विचारायला मी अश्विनीच्या घरच्या नंबरवर फोन केला. ती बोलत होती, मागं भांड्यांचा आवाज होता, आणि मध्येच प्राची ओरडली, "अश्विनी, फोन ठेव, जेवायला ये."

अजून नावानंच हाक मारते. पण आता रोज मारते.